पाच सेंटच्या नाण्यावरचं घर

मंडळी, आजची पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊनच बसा.

गाडीच्या कपहोल्डरमध्ये सुट्टे पैसे पडलेले असतात ना, त्यातलं पाच सेंटचं नाणं काढा आणि उलटं करा. मागच्या बाजूला खांबांचं, घुमटाचं एक घर दिसेल. हे माँटिचेलो, अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं घर. १९३८ साली ते पहिल्यांदा या नाण्यावर आलं. एवढी वर्षं हे नाणं आपण पार्किंगच्या मीटरमध्ये टाकत आलो, पण त्या घराकडे मी नीट पाहिलं ते गेल्या ऑगस्टमध्ये.

निमित्त असं झालं, की लेकीला शार्लट्सव्हिलला युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियामध्ये सोडायला गेलो होतो. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको. डॉर्मच्या तिसऱ्या मजल्यावर खोकी चढवली, गादीवर चादर घातली, मेतकुटाची बरणी कपाटात मागे लपवून ठेवली. मग लेकच म्हणाली, "आई, आता तुम्ही निघा." परत यायला गाडीत बसलो तर मागची सीट रिकामी. दोघांनाही लगेच घरी जायचं नव्हतं. रात्र तिथेच हॉटेलात काढली आणि सकाळी नवरा म्हणाला, "चल, ज्यांनी हे कॉलेज काढलं त्यांचं घर तरी बघून येऊ." जेफरसननी १८१९ मध्ये हे विद्यापीठ स्थापन केलं. त्यांचं घर तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, एका डोंगरावर आहे.

अशा ठिकाणी आपण कसे जातो, तुम्हाला माहीतच आहे. तिकीट, शटल बस, घरासमोर एक फोटो, गिफ्ट शॉपमध्ये फ्रिजवर लावायचं मॅग्नेट, आणि परतताना कुठेतरी जेवण. आम्हीही तसेच निघालो होतो.

घर खरोखर सुंदर आहे. पुढच्या दालनात शिरल्या शिरल्या दारावर एक मोठं घड्याळ आहे. तोफगोळ्यांसारख्या वजनांवर चालणारं, जेफरसननी स्वतः आखून घेतलेलं. वजनं जसजशी भिंतीलगत खाली येतात तसा आठवड्याचा वार कळतो. पण दालनाची उंची कमी पडली, म्हणून जमिनीला भोक पाडलं आणि शनिवार तळघरात गेला! माझा इंजिनीयर नवरा तिथून हलेना. पुढे जेवणाच्या खोलीत चुलाण्याच्या बाजूला बसवलेली छोटी लिफ्ट, तळघरातून वाइनच्या बाटल्या वर आणायला. भिंतीत फिरणारं एक दार, त्याला फळ्या लावलेल्या. पलीकडून कुणीतरी वाढलेली ताटं त्यावर ठेवायची आणि दार फिरवायचं. ताटं आत येतात, माणूस बाहेरच राहतो.

सगळे "वा, काय डोकं!" म्हणत होते. मीही म्हणाले.

मग गाईडबाई शांतपणे म्हणाल्या, की या युक्त्या पाहताना एक प्रश्न मनात ठेवा: ही ताटं वाढणारी माणसं पाहुण्यांना दिसू नयेत, अशी सोय या घरात का केली असेल?

तिथून आमचा दिवस बदलला.

जेफरसननी १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला. सगळी माणसं जन्मतः समान आहेत, हे त्यातलं वाक्य आपल्या मुलांना शाळेत पाठ असतं. त्याच माणसाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांना गुलामीत ठेवलं. एका वेळी या डोंगरावर आणि आसपासच्या शेतांवर साधारण १३० जण असत. जेफरसनना गुलामगिरी हा अन्याय आहे हे कळत नव्हतं असंही नाही. त्यांनी तसं लिहून ठेवलंय. बाहेरून गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या १८०७ च्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचीच सही आहे. पण स्वतःच्या ताब्यातल्या माणसांपैकी त्यांनी हयातीत दोघांना मुक्त केलं आणि मृत्युपत्रातून पाच जणांना. बस.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गाईडबाई "गुलाम" असा शब्द वापरतच नव्हत्या. "गुलामीत ठेवलेली माणसं" असं म्हणत होत्या, आणि प्रत्येकाचं नाव घेत होत्या.

घराच्या बाजूने एक रस्ता जातो, मलबेरी रो. इथे सुतारांच्या, लोहारांच्या कामाच्या जागा आणि राहायच्या खोपट्या होत्या. १७९४ पासून इथे खिळे बनवायचा कारखाना चालायचा. त्यात काम करणारी मुलं साधारण १० ते १६ वर्षांची. कुठल्या मुलाने किती लोखंड घेतलं, त्याचे किती खिळे झाले, किती लोखंड वाया गेलं, याचा हिशेब जेफरसन स्वतः ठेवत. त्यातला एक मुलगा वर्म्ली ह्यूज. मोठेपणी तो बागेचा मुख्य माळी झाला. ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, जेफरसन वारले. त्यांची कबर वर्म्लीनेच खणली.

जेफरसनच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. ते फेडायला जानेवारी १८२७ मध्ये इथे लिलाव झाला. फर्निचर, गुरं, धान्य आणि १३० माणसं. ज्याने कबर खणली त्या वर्म्लीची बायको आणि मुलंही त्यात विकली गेली.

जोसेफ फॉसेट हा इथला लोहार. मृत्युपत्राने मुक्त झालेल्या पाच जणांपैकी एक. त्याची बायको ईडिथ ही इथली मुख्य स्वयंपाकीण. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना तिला पंधराव्या वर्षी वॉशिंग्टनला नेऊन फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकवलं होतं. त्या लिलावात जोसेफच्या डोळ्यांसमोर ईडिथ आणि मुलं वेगवेगळ्या लोकांना विकली गेली. मुलांपैकी पीटर अकरा वर्षांचा होता. पुढे जोसेफने पैसे जमवून जमवून घरातल्या काहींना परत विकत घेतलं. हो, स्वतःच्या बायको-मुलांना. पीटरला सुटायला बरीच वर्षं लागली. त्याने चोरून लिहायला-वाचायला शिकून घेतलं होतं. सुटल्यावर तो सिनसिनाटीत केटरिंगचा धंदा करू लागला, नंतर पाद्री झाला, आणि १९०० साली, म्हातारपणी, पाहुणा म्हणून पुढच्या दाराने या घरात येऊन गेला.

आदल्याच दिवशी आम्ही आमच्या अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या मर्जीने, तिच्या आवडीच्या ठिकाणी, डोळ्यात पाणी आणून सोडलं होतं. त्याच डोंगराच्या पायथ्याशी. अकरा वर्षांच्या पोराला लिलावात सोडून येणाऱ्या आईचा विचार माझ्याच्याने पुरता करवला नाही.

घराच्या दक्षिण बाजूला जमिनीलगत एक छोटी खोली आहे. तिथे २०१८ पासून सॅली हेमिंग्ज यांच्याबद्दलचं प्रदर्शन आहे. सॅली ही जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण. दोघींचे वडील एकच, पण सॅलीची आई गुलामीत, म्हणून सॅलीही गुलामीत. जेफरसनची पत्नी १७८२ मध्ये वारली. पुढे ते पॅरिसमध्ये राजदूत असताना त्यांच्या मुलीच्या सोबतीला १७८७ मध्ये सॅलीला पाठवलं. वय चौदा. पुढे तिला जेफरसनपासून मुलं झाली, त्यातली चार जगली. फ्रान्समध्ये तिला कायद्याने सुटका मागता आली असती. तिच्या मुलाने सांगितलंय, की आपल्या मुलांना एकविसाव्या वर्षी मुक्त करायचं, हे वचन घेऊन मगच ती व्हर्जिनियाला परत आली. त्या वयात, हातात काहीही नसताना, तिने आपल्या अजून न जन्मलेल्या मुलांसाठी बोलणी केली.

हे सांगणारा मुलगा म्हणजे मॅडिसन हेमिंग्ज. १८०५ चा जन्म, सुतार, पुढे ओहायोत स्थायिक झाला. गोऱ्या मुलांना गोडीगुलाबी लावून त्याने अक्षरं शिकून घेतली. वडील नातवंडांचे लाड करायचे, आम्हाला मात्र तशी माया कधी दाखवली नाही, असंही त्याने सांगून ठेवलंय. या खोलीत फारसं सामान नाही. भिंतीवर मॅडिसनचे शब्द उमटत राहतात. खाली बारीक अक्षरात ते वर्तमानपत्रात कधी छापून आले त्याचं साल होतं: १८७३.

नवरा ते साल बघत उभाच राहिला. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाला, "अगं, १८७३! 'गुलामगिरी' त्याच सालची."

नवरा पुण्याचा, शाळेत जाताना गंज पेठेतल्या फुलेवाड्यावरून जायचा. 'गुलामगिरी' हे जोतीराव फुल्यांचं पुस्तक १८७३ च्या जून महिन्यात निघालं, त्याच सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला. आणि हे पुस्तक जोतीरावांनी अर्पण कुणाला केलंय, ठाऊक आहे? अमेरिकेतल्या लोकांना. काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी इथल्या भल्या माणसांनी जो निःस्वार्थ त्याग केला, त्याबद्दल आदर म्हणून. माझ्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवून आपल्या शूद्र बांधवांना मोकळं करावं, ही आशा त्यात आहे.

विचार करा. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ ला संपलेलं, गुलामगिरी घटनादुरुस्तीने बंद झालेली. मार्च १८७३ मध्ये ओहायोच्या एका गावच्या वर्तमानपत्रात मॅडिसन हेमिंग्ज सांगतोय, की मी कोणाचा मुलगा आहे. तीन महिन्यांनी पुण्यात जोतीराव सांगतायत, की आमच्याकडेही गुलामगिरी आहे, फक्त तिला आम्ही तसं म्हणत नाही. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसणार.

दोघांनाही लगेच कोणी खरं मानलं नाही. मॅडिसनचं म्हणणं सव्वाशे वर्षं बऱ्याच इतिहासकारांनी उडवून लावलं. जेफरसनच्या गोऱ्या नातेवाइकांची आठवण तेवढी पुरावा, आणि सॅलीच्या मुलाची आठवण म्हणजे बाजारगप्पा! १९९८ मध्ये डीएनए चाचणी झाली. मॅडिसनचा भाऊ एस्टन, त्याच्या वंशजाचा धागा जेफरसन घराण्याशी जुळला. २००० साली माँटिचेलो चालवणाऱ्या संस्थेने आपल्या अहवालात ते मान्य केलं. त्याआधीच, १९९३ पासून, या संस्थेने इथे राबलेल्या माणसांच्या वंशजांना गाठून त्यांच्या घराघरातल्या आठवणी नोंदवायला सुरुवात केली होती. गाईडबाईंच्या तोंडी एवढी नावं येतात त्यामागे ही मेहनतसुद्धा आहे.

इथपर्यंत मी अगदी पटून मान हलवत होते. दुसऱ्याच्या इतिहासावर मान हलवायला काय लागतं? मग नवऱ्याने सहज विचारलं, "तुमच्या वाड्यात पाणी कोण भरायचं गं?"

तर मंडळी, आता माझ्या माहेरच्या वाड्याबद्दल. सातारा जिल्ह्यात आमचा दोन चौकी वाडा होता. लेकीला लहानपणापासून मी त्याच्याच गोष्टी सांगून झोपवलं. दगडी जोतं, सागवानी खांब, परसातली विहीर, माजघरातला झोपाळा, पणजोबांची पगडी. शाळेत "माझं कुटुंब" असं पोस्टर करायचं होतं तेव्हा त्यात मध्यभागी वाड्याचाच फोटो होता. त्या वाड्यालाही एक मागचं दार होतं. त्या दाराने गोठ्याचं शेण काढायला एक बाई यायची. दुपारी तिच्या पदरात वरून भाकरी टाकायची. गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात एक कपबशी होती, ती तिची. ती तिनेच धुवायची, तिनेच ठेवायची. हे काही शंभर वर्षांपूर्वीचं नाही, १९८० च्या दशकातलं आहे. मी स्वतः पाहिलेलं. आणि माझ्या एवढ्या गोष्टींमध्ये ती बाई, तो कोनाडा, ते दार कधी आलंच नाही. मी खोटं सांगितलं नव्हतं. फक्त दार फिरवून ताट तेवढं आत घेतलं होतं.

तिचं नाव काय? मला माहीत नव्हतं. आम्ही पोरं तिला नुसतं "ए मावशी" म्हणायचो.

गुलामगिरी आणि जात या दोन गोष्टी अगदी एकच आहेत, असं मला म्हणायचं नाही. आमच्या वाड्यात कोणाचा लिलाव झाला नाही. पण जोतीरावांनी तुलना केली ती उगाच नाही. त्यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. नवरा शाळेत जाताना रोज बघायचा ते हेच घर. ज्या काळात आमच्या विहिरीवर कोणी पाणी काढायचं हे जातीवरून ठरत होतं, त्याच काळात तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर एका माणसाने ते बदललं होतं. "तेव्हा तसंच होतं" हे म्हणणं म्हणूनच पुरं पडत नाही. जेफरसनच्या बाबतीतही नाही, आमच्याही नाही.

आपल्यातले बरेच जण म्हणतात, "अहो, आम्ही तर परवा आलो. इथल्या गुलामगिरीशी आमचा काय संबंध?" मीही म्हणायचे. पण बघा, आशियातल्या लोकांना इथे येण्याची वाट खऱ्या अर्थाने मोकळी केली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो कायदा काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने तयार केलेल्या हवेत मंजूर झाला. पीटर फॉसेटसारख्यांच्या पणतवंडांनी मार खाल्ला म्हणून आपल्याला व्हिसा मिळाला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. माँटिचेलोच्या पायऱ्यांवर १९६३ पासून दर ४ जुलैला नव्या नागरिकांचा शपथविधी होतो. तिथे शपथ घेणाऱ्याला तो जाहीरनामाही मिळतो आणि ते खिळेही. एक घेऊन दुसरं सोडता येत नाही.

जेफरसनना मग टाकून द्यायचं का? लेकीने हाच प्रश्न फोनवर विचारला. मी म्हटलं, नाही गं. सगळे समान आहेत हे वाक्य त्यांनी लिहिलं नसतं, तर पुढे त्यांच्याच देशाला त्याचा जाब विचारता आला नसता. वाक्य मोठं आहे, ते लिहिणारा त्याला पुरा पडला नाही. दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगायचं.

उतरताना शटल घेतली नाही, पायवाटेने चालत आलो. वाटेत जेफरसनची कबर लागते. कोरलेला मजकूर त्यांनी स्वतः ठरवलेला: जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा लेखक, विद्यापीठाचा जनक. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेखच नाही. खाली पार्किंगजवळ झाडांमध्ये दुसरं दफनस्थान आहे, गुलामीत ठेवलेल्या माणसांचं. चाळीसएक कबरी. साधे दगड, नावं नाहीत. आम्ही चप्पल काढून थोडा वेळ उभे राहिलो. का काढली, सांगता येणार नाही. सवयीने.

रात्री आठला आईला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच, आई उठलेलीच असते. म्हटलं, "आई, गोठ्यात यायची त्या मावशीचं नाव काय होतं गं?" आई बराच वेळ गप्प. मला वाटलं फोन कटला. मग तिने नाव सांगितलं. पूर्ण नाव. मुलाचंही सांगितलं, तो शिकून शिक्षक झाला म्हणे. शेवटी म्हणाली, "ती कपबशी मला कधीच आवडायची नाही. पण सासूबाईंपुढे बोलले नाही." चाळीस वर्षांत आई हे पहिल्यांदा बोलली.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांच्या घरच्यांचं आहे. पण लेकीला सांगितलं, आणि वाड्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. आता मागच्या दारासकट.

जाणार असाल तर थोडं उपयोगाचं: वॉशिंग्टनहून गाडीने अडीच तास लागतात. नुसतं घर बघून परतू नका. गुलामगिरीवरची वेगळी टूर असते, ती घ्या. मुलं दहा-अकराची असतील तर खिळ्यांच्या कारखान्यापाशी थांबा, त्यांच्याच वयाची मुलं होती हे सांगा. ईडिथचं स्वयंपाकघर आणि सॅलीची खोली चुकवू नका. उतरताना चालत या, खालच्या दफनस्थानापाशी थांबा.

आणि परत आल्यावर गावी एक फोन करा. आजी-आजोबा, काका-मामा, जे कोणी असतील त्यांना विचारा, आपल्या घरी मागच्या दाराने कोण यायचं? त्यांचं नाव काय होतं? सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. आपली मुलं इथल्या शाळेत असले अवघड प्रश्न विचारायला शिकतायत. एक दिवस ती आपल्याला विचारणार. तेव्हा निदान नाव तरी माहीत असू दे.